बरणीतला साप आणि आपले लेकरू

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की आमच्या विहारात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. दिवसभर खुरपून, फवारून आलेली माणसे हातपाय धुऊन येतात, लेकरे मांडीवर घेऊन बसतात. याच तीन महिन्यांत आमच्या परभणी जिल्ह्यात सापांचाही हंगाम असतो. काळ्या रानातल्या भेगा पावसाने बुजतात, बिळांत पाणी शिरते. उंदीर आणि बेडकांच्या मागे साप घराच्या जोत्यापर्यंत येतो. जिंतूरच्या माळापासून गंगाखेड, पालमच्या गोदाकाठापर्यंत हीच गत आहे.

पण आज आम्हाला रानातून आपणहून आलेल्या सापाबद्दल लिहायचे नाही. आपल्याच पोराने हौसेने घरात आणून ठेवलेल्या सापाबद्दल लिहायचे आहे.

वाचकहो, पुढची हकिगत आमच्या डोळ्यांसमोरची आहे. मुलाचे आणि वस्तीचे नाव आम्ही देत नाही. मुलाच्या आईची तशी इच्छा आहे. पण हकिगत मात्र लिहा, दुसरीचे लेकरू वाचेल, असे त्या माउलीनेच आम्हाला सांगितले.

पलंगाखालची बरणी

मुलगा एकोणीस वर्षांचा. बारावीनंतर शिक्षण सुटले. कधी हमाली, कधी कापसाच्या गाडीवर. बाप नाही, आई रोजाने जाते. वर्ष-दीड वर्षापासून पोराला सापाचा नाद लागला. कोणाच्या घरी साप निघाला की याला बोलावणे येई. काठीने दाबायचा, शेपटीला धरून उचलायचा, मोबाईलमध्ये चित्रण करायचे. लोक "सर्पमित्र" म्हणू लागले. ज्या पोराला गावात कोणी नावाने हाक मारत नव्हते, त्याला आता लोक बोलावून चहा पाजू लागले. हे सुख काही लहान नसते, हे आम्ही समजू शकतो.

सोयाबीनच्या पोत्यांमागे एकदा त्याला हात-सव्वा हात लांबीचा काळा साप सापडला. अंगावर पांढरे आडवे पट्टे. "कवड्या हाय, बिनविषारी," असे सांगून त्याने तो प्लॅस्टिकच्या बरणीत घातला, झाकणाला भोके पाडली आणि बरणी पलंगाखाली ठेवली. पाच दिवस ती तिथे होती. दिवसा साप वेटोळे करून तोंड लपवून पडून राही. पोराला वाटले, माणसाळला. सहाव्या रात्री मित्र आले. अकराच्या सुमारास त्यांना दाखवायला म्हणून त्याने झाकण उघडून हात घातला, आणि साप बोटाला डसला. ना रक्त, ना सूज, ना आग. पोरगा हसला. "म्हणलो नव्हतो का, कवड्याच हाय!" साप परत बरणीत आणि सगळे झोपायला गेले.

पहाटे तीनला त्याचे पोट दुखू लागले. आईला वाटले, बाहेरचे खाल्ले असेल. तिने ओवा चावायला दिला. साडेचारला ती ओरडतच बाहेर आली, "माय माय, माझ्या लेकराचे डोळे झाकायलेत! बोलाया गेला तर जीभ वळंना!"

तो कवड्या नव्हता. तो मण्यार होता.

तो अर्धा तास

पुढचे लिहिताना आमची मान खाली जाते. वस्ती गोळा झाली. एक म्हातारा म्हणाला, पारावर न्या, मारुतीपुढे निजवा, उतरते. दुसऱ्याने लिंबाचा पाला आणला. पाला कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे, अशी परीक्षा. ज्याची जीभच वळत नाही, त्याला पाला चावायला लावत होते. मुलाच्या चुलत्याने शेजारच्या गावच्या मांत्रिकाला आणायला मोटारसायकल पाठवली. ही वस्ती बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांची. घरोघर बाबासाहेबांची तसबीर. आणि आम्हीही त्या गर्दीत होतो. हे चुकते आहे, हे आम्हाला कळत होते. पण वडीलधाऱ्यांपुढे, रडणाऱ्या आईपुढे तोंड उघडले नाही. त्यात अर्धा तास गेला.

तोंड उघडले ते एका मुलीने. नर्सिंगच्या शिक्षणाला जाणारी, सुटीला आलेली. ती सरळ चुलत्यासमोर उभी राहिली. "काका, ह्याच्या छातीकडं बघा. श्वास बारीक व्हायलाय. मंत्रानं श्वास चालत नाही, मशीननं चालतो. आताच्या आता गाडी काढा."

गाडी निघाली. परभणीला नेईपर्यंत पोराची मान लुळी पडली होती. डॉक्टरांनी सर्पविषावरची लस दिली, नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवले. सहाव्या दिवशी त्याने स्वतः श्वास घेतला. आज तो चालतो-बोलतो. आईचे पंधरा-वीस रोज बुडाले, हातउसने झाले, कानातले गेले. पण लेकरू आहे. आणखी अर्धा तास गेला असता तर हा लेख श्रद्धांजलीचा झाला असता.

साप चिडत नाही, भितो

तो पोरगा बरा होऊन आल्यावर आम्ही त्याला विचारले, "पाच दिवस शांत असलेला साप सहाव्या दिवशी का चिडला रे?" त्याच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर आपण सगळ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

साप माणसाळत नाही. कुत्र्याला, बैलाला धनी कळतो. सापाच्या मेंदूत धनी ओळखायची सोयच नाही. त्याला आपला हात म्हणजे वरून झडप घालणारी घार किंवा मुंगूस वाटतो. तसाच साप डूखही धरत नाही. सूड घ्यायला लागणारी आठवण त्याच्याजवळ नाही. त्याला बाहेरून कान नाहीत. गारुड्याच्या पुंगीवर तो डोलत नाही. हलणाऱ्या पुंगीवर आणि हातावर नजर ठेवून, मारा कुठून येतो हे तो पाहत असतो. आपण त्याला नाच म्हणतो. त्याच्या बाजूने ते भय असते.

भ्यालेला साप आधी इशारा देतो. नाग फणा काढतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. फुरसे अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. धामण मान फुगवते, शेपूट आपटते. पुष्कळ साप मान मागे घेऊन नागमोडी वळण करतात, म्हणजे उसळी मारायची तयारी. मण्यार मात्र फसवा. दिवसा सुस्त, तोंड लपवून बसणारा आणि रात्री चपळ. त्याचे दिवसाचे शांत राहणे हा स्वभाव नव्हे, ती वेळ आहे. आमच्या पोराला फसवले ते याच गोष्टीने.

आणखी काही वेळा साप हमखास चावतो. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा तो कशालाही चावतो. हाताला उंदराचा किंवा कोंबडीचा वास असला, तर हातच भक्ष्य वाटतो. पोट भरलेले असताना उचलले तर तो गिळलेले ओकतो आणि बिथरतो. नुकताच पकडून आणलेला साप तर काही दिवस पूर्ण भेदरलेला असतो. बरणीत त्याला लपायला जागा नसते, ऊन-सावली निवडता येत नाही. पळायची वाट बंद झालेल्या जिवाकडे चावणे एवढेच उरते.

अमेरिका-युरोपात पिंजऱ्यातच जन्मलेले बिनविषारी साप पाळणारे लोक आहेत. त्यांचेही नियम ऐकण्यासारखे आहेत. नवा साप आणला तर आठवडाभर हात लावायचा नाही. खाऊ घालायचे ते लांब चिमट्याने. खाल्ल्यावर दोन दिवस उचलायचे नाही. कात टाकताना तर नाहीच. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही. बिनविषारी सापाने बोट धरूनच ठेवले तर हिसका द्यायचा नाही, कारण त्याचे दात आत वळलेले असतात, मांस फाटते. तोंडावर गार पाणी सोडले की तो सोडतो. म्हणजे जिथे साप पाळणे कायद्यात बसते तिथेही शहाणपण एकच आहे, की साप चावला तर सापाला शिस्त लावायची नसते, माणसाने आपल्या हाताला लावायची असते.

आपल्याकडे मात्र हा प्रश्नच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला साप पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे. नाग, अजगर यांसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत तीन ते सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हौसेपायी पोराच्या कपाळी पोलीस-कचेरी लागली, तर नोकरीच्या अर्जावर ते कायमचे चिकटते.

तथागतांचा दृष्टान्त

मज्झिम निकायात एक सुत्त आहे, अलगद्दूपम सुत्त. अलगद्द म्हणजे साप. अरिट्ठ नावाच्या भिक्खूने धम्माचा विपरीत अर्थ लावला, तेव्हा तथागतांनी सापाचा दृष्टान्त दिला. सापाच्या शोधात निघालेला माणूस मोठा साप पाहतो आणि त्याला वेटोळ्याला किंवा शेपटीला धरतो. साप उलटतो, हाताला चावतो, माणूस मरतो किंवा मरणप्राय दुःख भोगतो. का? कारण त्याने चुकीचे धरले. दुसरा माणूस आधी बेचक्याच्या काठीने मान दाबतो आणि मग धरतो. त्याला इजा होत नाही. धम्माचेही तसेच, चुकीचा धरला तर तोच घात करतो.

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांना सापाची जात किती नेमकी ठाऊक होती पाहा. शेपटीला धरलेला साप उलटतो, हेच आज सर्पोद्यानातले जाणकार सांगतात. पण या दृष्टान्तातून कोणी काठी घेऊन साप धरायला निघू नये. त्यातला बोध हा, की ज्याचे ज्ञान नाही त्याला हात घालू नये.

दुसरीही एक गोष्ट त्रिपिटकात आहे. एक भिक्खू सर्पदंशाने मेला, तेव्हा तथागतांनी सापांच्या कुळांविषयी मैत्रीभावना करायला सांगितले. आपल्या विहारांत ते परित्राण म्हटले जाते. जरूर म्हणावे, त्याने मन स्थिर होते. पण विनयातच हेही नोंदले आहे, की सर्पदंश झालेल्या भिक्खूला त्या काळी जे औषध मानले जाई ते द्यायला भगवंतांनी परवानगी दिली. म्हणजे मैत्रीही आणि औषधही. आजचे औषध दवाखान्यात आहे. परित्राण गाडीत म्हणा, पण गाडी दवाखान्याकडेच जाऊ द्या.

आम्ही नागवंशी म्हणून?

आमच्या काही तरुणांच्या तोंडी एक वाक्य असते. "आपण नागवंशी, नाग आपला, त्याला काय भ्यायचं?" आणि गळ्यात साप घालून चित्र काढतात. या तरुणांनी १५ ऑक्टोबर १९५६ चे बाबासाहेबांचे नागपूरचे भाषण पुन्हा वाचावे. दीक्षेसाठी नागपूर का निवडले, हे सांगताना बाबासाहेब नाग लोकांबद्दल बोलले. ते नाग म्हणजे माणसे होती, ज्यांनी बुद्धाचा धम्म देशभर पसरवला. सरपटणारा प्राणी नव्हे. नाग लोकांचा वारसा दाखवायचा तर पुस्तक हातात धरावे, साप नव्हे.

नागपंचमीचेही तसेच. सापाला दूध पाजतात. साप दूध पिणारा प्राणी नाही. दिवसेंदिवस उपाशी, तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते तोंडात घेतो, आणि ते त्याच्या फुप्फुसात गेले की मरतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी जिवंत नाग पकडून, मडक्यात ठेवून मिरवणुका काढायची जुनी प्रथा होती. २००२ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने जिवंत नागांचे खेळ थांबले. २०२५ मध्ये केंद्र शासनाने शिक्षणाच्या नावाखाली मोजके नाग पकडायला परवानगी दिली. तेव्हा हा विषय संपलेला नाही.

गारुड्याचे पोट

इथे एका समाजाबद्दल बोलायलाच हवे. गारुडी, मदारी हे भटके लोक पिढ्यान्पिढ्या सापावर पोट भरत आले. सापाचे दात उपटायचे, तोंड शिवायचे, टोपलीत घालून दारोदार फिरायचे. प्रकार क्रूर, यात शंका नाही. शिवाय उपटलेले दात पुन्हा येतात, त्यामुळे गारुड्याच्या घरातही मरण असते. १९७२ च्या कायद्याने टोपली काढून घेतली, ते योग्यच झाले. पण टोपलीच्या जागी दुसरी भाकर कोणी दिली? जातीने लादलेला धंदा सुटावा, हे बाबासाहेबांचे सांगणे. धंदा सुटला आणि माणूस उघड्यावर पडला, हे मात्र त्यांनी सांगितले नव्हते.

तामिळनाडूत याला उत्तर सापडले आहे. तिथल्या इरुळा आदिवासींची १९७८ पासून सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. शासनाच्या परवान्याने ते साप पकडतात, काही दिवस ठेवून विष काढतात आणि सापाला परत रानात सोडतात. त्या विषापासून देशभरात लस बनते. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या हातांना जगाने कमी लेखले, त्याच हातांमुळे परभणीत आमच्या पोराचा जीव वाचतो. कौशल्य, परवाना आणि सहकार यांच्या जोरावर धरलेला साप वेगळा, आणि बढाईसाठी धरलेला वेगळा.

आपल्या पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून दाखवले. त्यांना सांगायचे होते ते इतकेच, की सापाला डिवचले नाही तर तो चावत नाही. १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. आमच्या पोरांनी त्यांची हिंमत उचलली आणि सांगणे मात्र सोडून दिले.

चार साप ओळखा, पण दुरून

आपल्या भागात जीव घेणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. लस याच चारांच्या विषावर चालते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते, त्यापासून ती लस बनते.

मण्यार आणि कवड्या यांत घोटाळा फार होतो. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडी-जोडीने असतात, डोक्यापासून थोडे मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात, शेपटीकडे पुसट होत जातात. घोणस आणि अजगराचे पिल्लू यांतही माणसे फसतात. पण ही माहिती दुरून बघण्यासाठी आहे. बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांनी जाणकारही चुकतात. म्हणून "बिनविषारीच होता" या शब्दावर कोणी झोपू नये.

घरात साप कोंडून ठेवला असेल तर

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरात आज बरणी, पोते, मडके असेल, तर माउलींनो, रागावू नका, पोराला मारू नका. पोरगा भीतीने रात्रीच बरणी घेऊन बाहेर पळेल, आणि धोका तिथेच आहे. पुढीलप्रमाणे करा.

झाकण उघडू नका. सापाला मारायलाही नाही, सोडायलाही नाही. दूध, अंडे, पाणी आत टाकायला जाऊ नका. बरणी सावलीत, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मेलेला साप वाटला तरी हात लावू नका. मेलेल्या सापाचा जबडाही काही वेळ चावा घेऊ शकतो.

साप मोकळा घरात शिरला असेल, तर लेकरे, म्हातारी माणसे बाहेर काढा. एका मोठ्या माणसाने दुरून नुसती नजर ठेवावी, म्हणजे तो कुठे दडला हे कळते. काठी घेऊन कोपऱ्यात कोंडू नका. दंश पुष्कळदा होतो तो मारायला गेल्यावर.

चावलाच तर

धीर द्या. भीतीने नाडी पळते आणि माणूसही पळतो. चावलेल्या हातापायाला मोडलेल्या हाडासारखी फळी बांधा, हालू देऊ नका. चालवत, पळवत नेऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण ताबडतोब काढा, सूज आली की ती मांसात रुततात. करकचून दोरी बांधू नका, त्याने हात सडतो. कोणी आधीच बांधली असेल तर वाटेत एकदम सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. चिरू नका, चोखू नका, बर्फ, चुना, जडीबुटी लावू नका. दारू पाजू नका. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत दुसरी मिळाली तर थांबू नका. साप पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

लक्षणे अशी. नाग चावला तर जागा दुखते, सुजते, मग पापण्या पडतात. मण्यार चावला तर जागेवर काहीच दिसत नाही. म्हणून जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखले, घसा आवळला, पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठा. घोणस आणि फुरसे चावले तर सूज चढते, हिरडीतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंड निकामी होऊ शकते. लहान लेकराला लस मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने विष तेवढेच टाकलेले असते. "एवढ्याशा जिवाला इतकी?" म्हणून अडवू नका.

आणि कोणी दवाखान्यात जाण्यापासून अडवले तर? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे नेमके लिहिले आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हा कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झटले, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. इतक्या मोलाने मिळालेला कायदा आपल्या पाराजवळ तरी वापरला जावा.

उशाशी काय असावे

एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यांत चौथा हिस्सा आणि त्याहूनही अधिक पंधरा वर्षांखालची लेकरे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. साप राव-रंक पाहत नाही, पण कूड, कोपी, जमिनीवरचे अंथरूण आणि अनवाणी पाय रंकाचेच असतात. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

उपाय खर्चिक नाहीत. जमिनीवर झोपू नये, बाज घ्यावी. मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो, असे नेपाळच्या तराईत दिसून आले आहे. रात्री परसात जाताना बॅटरी हवीच. पऱ्हाट्यांची गंजी, गोवऱ्या, विटांचा ढीग घराच्या भिंतीला लागून नको. धान्य उंचावर ठेवा, उंदीर आवरले की साप येत नाही. कापूस वेचताना, ऊस तोडताना पायात बूट हवेत, आणि ते घालायच्या आधी झटकावेत.

शासनालाही आमचे सांगणे आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करायचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. चांगले झाले. पण आराखडा गावाच्या आरोग्य केंद्रात लस आणि रात्री डॉक्टर या रूपाने दिसला पाहिजे. सर्पदंशाने मेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत दोन लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी सातबारा लागतो. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या शेतात वेचताना चावा घेऊन मरतो, त्या मजुराच्या विधवेने कोणता उतारा जोडायचा? ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी धसाला लावावी.

तो पोरगा परवा विहारात भेटला. आता तो साप पकडत नाही. कोणी बोलावले तर जातो, माणसे लांब उभी करतो, वन विभागाला फोन लावतो आणि नजर ठेवून बसतो. आम्ही म्हणालो, "आता चहा मिळतो का रे?" तो म्हणाला, "कमी मिळतो. पण माय निवांत झोपती."

आणि आम्ही? त्या पहाटे गप्प राहिलेल्या आम्ही वर्षावासाच्या एका रात्री वाचनानंतर अर्धा तास मागून घेतला. तितकाच, जितका आम्ही घालवला होता. वर जे लिहिले ते सगळे वस्तीला सांगितले. नर्सिंगच्या त्या मुलीने लाकडाची फळी बांधून दाखवली. आपल्या गावच्या विहारातही असा अर्धा तास काढा. त्यासाठी साप निघायची वाट पाहू नका.

जयभीम.